करीराची पाने

मराठी भाषेने काही जीव आणि काही गावे इतकी वापरली आहेत की त्यांच्याकडे निरखून पाहण्याची गरजच तिला उरलेली नाही. ‘सुरवंटाचे फुलपाखरू झाले’ असे आपण वयात आलेल्या मुलीपासून नावारूपाला आलेल्या संस्थेपर्यंत कोणाविषयीही म्हणतो. सुरवंट काय खातो, कोणत्या झाडावर राहतो, हा प्रश्न ते म्हणताना मनात येत नाही. ‘पानिपत झाले’ या वाक्प्रचाराची स्थितीही निराळी नाही. निवडणुकीचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कोणाचे ना कोणाचे पानिपत झालेलेच असते. ते एक गाव आहे, तेथे माती आहे, झाडे आहेत, त्या झाडांवर अळ्या आहेत, ही गोष्ट वाक्प्रचाराच्या कक्षेत बसत नाही. साहित्य शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला रूपकांविषयी तक्रार करण्याचा अधिकार फारसा नसतो, कारण त्याचा चरितार्थच रूपकांवर चाललेला असतो. तरीही या दोन रूपकांना त्यांच्या मूळच्या पानावर नेऊन ठेवावे, असे गेली दोन-तीन वर्षे माझ्या मनात घोळत आहे.

आपल्या परंपरेत अळीला स्थान नाही असे नाही. वेदान्ताच्या परिभाषेत कीटक-भृंगी न्याय आहे. भृंगी एका अळीला आपल्या मातीच्या घरट्यात कोंडते, भयाने ती अळी अखंड भृंगीचेच ध्यान करते आणि ध्यानाच्या बळाने स्वतः भृंगी होऊन बाहेर पडते, असा त्याचा आशय. साधकाने ईश्वराचे ध्यान करून ईश्वररूप व्हावे, हे सांगण्यासाठी शतकानुशतके हा दृष्टान्त दिला गेला. प्रत्यक्षात घडते ते असे : आपण जिला कुंभारीण म्हणतो ती गांधीलमाशी अळीला नांगीने बधिर करते, घरट्यात आणून ठेवते आणि तिच्याजवळ स्वतःचे अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती जिवंत अळी खाऊन वाढते आणि यथाकाळ घरट्याबाहेर येते. दृष्टान्ताची तात्त्विक योग्यता यामुळे उणी होत नाही. पण त्या घरट्यात एकीने दुसरीला खाल्ले होते, हे त्यात गाळले गेले आहे. भालचंद्र नेमाडे यांची १९६३ सालची कादंबरी ‘कोसला’ हे नाव धारण करून आली, त्यानंतर कोशाची प्रतिमा आधुनिक मराठीत रूढ झाली. आपल्याला कोश ठाऊक आहे, पंख ठाऊक आहेत. कोशापूर्वीचे, केवळ खाण्यात गेलेले आयुष्य मात्र आपल्या प्रतिमासृष्टीत जवळजवळ नाही.

दिल्लीतील एका चर्चासत्राच्या निमित्ताने मार्चअखेरीस उत्तरेत गेले असता एक दिवस काढून मी पानिपतला गेले. शहरापासून काही किलोमीटरांवर काला आंब हे स्थान आहे. तेथे एक आम्रवृक्ष होता, रणातील रक्ताने त्याची छाया काळवंडली, अशी आख्यायिका. वृक्ष केव्हाच गेला. आज तेथे स्मारकाचा विटांचा स्तंभ आहे, कुंपण आहे, निगा राखलेली हिरवळ आहे. दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे येतात, शौर्यदिन पाळतात. मराठी माणूस तेथे जसा उभा राहतो तशी मीही राहिले. माझ्याबरोबर त्या भागातील एका महाविद्यालयातून निवृत्त झालेले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. स्तंभापुढे माझे पुरेसे उभे राहून झाल्यावर त्यांनी मला तेथून दूर, एका गावच्या बणीकडे नेले. बणी म्हणजे गावाने न तोडता राखलेले सामाईक रान. चहूकडे गव्हाची पिकलेली शेते आणि मोहरीची खळी, त्यांच्या मधोमध काही एकरांचा तो काटेरी, धुळीने माखलेला तुकडा. आपल्याकडची देवराई डोळ्यांपुढे आणून कोणी तेथे गेले तर निराश होईल.

तेथे ढाक होता, म्हणजे आपला पळस. ‘ढाक के तीन पात’ म्हणताना हिंदीभाषकाच्या मनात जे असते तेच ‘पळसाला पाने तीनच’ म्हणताना आपल्या मनात असते. जांड होता, म्हणजे शमी. जाळ होता, म्हणजे पीलू. कैर होता, म्हणजे संस्कृतातला करीर, ज्याला आपल्याकडे कोठे किरल, कोठे नेपती म्हणतात. हींस नावाचे एक जाळीदार काटेरी झुडूप होते; ते आपले कांथार. ही नावे ऐकताना मला एकदम महाभारताच्या कर्णपर्वाची आठवण झाली. कर्ण शल्याला हिणवतो त्या संवादात वाहीक देशाचे वर्णन येते आणि त्यात शमी, पीलू आणि करीर यांच्या वनांचा एका दमात उल्लेख आहे. पंजाबच्या त्या प्राचीन देशाला लागून असलेल्या या भूमीत तीच तीन झाडे एकमेकांच्या शेजारी उभी होती. वैदिक कर्मकांडात पावसासाठी कारीरीष्टि करीत, तीत करीराची फळे लागत. आज हरियाणात त्याच झुडपाच्या कच्च्या फळांना टींट म्हणतात आणि त्यांचे लोणचे घालतात.

संस्कृत काव्यात मात्र करीर प्रसिद्ध आहे तो पाने नसण्याबद्दल. भर्तृहरीच्या नीतिशतकात, करीराला पाने फुटत नाहीत यात वसंताचा काय दोष, असा प्रश्न येतो. दैवाने कपाळी लिहिलेले टळत नाही, हे सांगण्यासाठी. वामनपंडितांनी भर्तृहरीची शतके मराठीत आणली आणि अशा रीतीने हा निष्पर्ण करीर, तो कधीही न पाहिलेल्या मराठी वाचकांपर्यंत पोहोचला. मी ते झुडूप पाहिले तेव्हा त्यावर विटकरी लाल फुले होती आणि खरोखरच एकही पान दिसत नव्हते. नुसत्या हिरव्या, काटेरी काड्या. तसे मी बोलूनही दाखविले. प्राध्यापक हसून म्हणाले, “पत्ता है मॅडम, पर आपके लिए नहीं है.” मराठी कानाला ‘पत्ता’ म्हणजे ठावठिकाणा. क्षणभर मी त्याच अर्थाने ते वाक्य ऐकले, आणि पुढे जे दिसले त्याला तोच अर्थ अधिक जुळला.

एक पांढरे फुलपाखरू झुडपाभोवती घिरट्या घालीत होते. पंखांच्या कडांना काळ्या शिरांची नक्षी, खालच्या अंगाला पिवळट झाक. इंग्रजीत त्याला पायोनियर म्हणतात. ते फुलांकडे गेले नाही. काड्यांच्या शेंड्यांना हलकेच टेकत, उठत, पुन्हा टेकत ते जणू काही चाचपीत होते. फुलपाखराची मादी पायांनी चव घेते. तिच्या पावलांवर रुचीची संवेदना असते आणि पानावर पुढचे पाय आपटून हे आपलेच पान आहे ना याची ती खात्री करून घेते. नंतर ती एका कोवळ्या धुमाऱ्यावर थांबली. जवळ जाऊन पाहिले तेव्हा त्या धुमाऱ्यावर पाने होती : नखाएवढी, अरुंद, कोवळी. करीराला नव्या फुटीवर अशी पाने येतात आणि थोड्याच दिवसांत गळून जातात. शेजारच्या फुटीवर पिवळसर, उभट, खाचदार अंड्यांचा पुंजका होता आणि आणखी एकीवर सडपातळ हिरवट अळ्या शांतपणे खात होत्या. कवीला जे पान दिसले नाही, त्यावर एक पिढी पोसली जात होती.

फुलपाखराला हे झुडूप कसे ओळखू येते याची हकीकत शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांहून अधिक काळ थोडी थोडी करून उलगडली आहे. करीर, कांथार, वाघाटी ही एका कुळातली झाडे. मोहरी आणि कोबी त्यांचे चुलत नातलग. पीलूही त्याच मोठ्या गणगोतातला. या सर्वांच्या पेशींत एक निरुपद्रवी द्रव्य साठविलेले असते आणि त्याचे विघटन करणारे विकर वेगळ्या पेशींत असते. पान चावले गेले की दोहोंची भेट होते आणि मोहरीचा तो झणझणीत तिखटपणा निर्माण होतो. हा झाडाचा बचाव. बहुतेक कीटक त्यापुढे माघार घेतात. ‘पायोनियर’च्या कुळातील अळ्यांनी मात्र त्यावर तोड काढली, त्यांच्या पोटातील एक प्रथिन त्या विघटनाला भलतीकडे वळविते आणि दाहक तेल तयारच होऊ देत नाही. हे प्रथिन २००४ साली उजेडात आले. त्याच्या कितीतरी आधी, १९१० साली, फेर्शाफेल्ट नावाच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला होता. कोबीवरच्या अळ्या ज्या पानांना तोंड लावीत नसत त्यांवर त्याने मोहरीवर्गातल्या वनस्पतीचा रस चोपडला. अळ्या ती पाने खाऊ लागल्या. शत्रूला पळवून लावण्यासाठी झाडाने जे द्रव्य केले, तेच या एका कुळासाठी घरची खूण ठरले. पॉल अर्लिख आणि पीटर रेव्हन या दोघा अभ्यासकांनी १९६४ साली फुलपाखरे आणि वनस्पती यांच्या या दीर्घ देवघेवीवर जो निबंध लिहिला, तो जीवशास्त्रात पायाभूत मानला जातो.

हे सारे ऐकताना मला ते रान अनोळखी वाटेनासे झाले, त्याला एक घरगुती कारण आहे. माझे बालपण पंढरपूरच्या टापूत गेले. तिकडे आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सुटतो तो वाघाटीच्या भाजीने. हिरवी, काकडीच्या बाळासारखी कडवट फळे; ती कडू आहेत म्हणून कुरकुर केली की आजी म्हणे, “आजच्या दिवशी खायची असतात बाळ, वर्षातनं एकदाच.” ओढ्याकाठच्या झुडपांवर चढलेला तो वेल वाघनखांसारख्या आकड्यांनी कपडे फाडी. त्या वेलावर पावसाळ्यात अळ्या असत, हेही तेव्हा ठाऊक होते. पण त्या नुसत्या अळ्या होत्या. ‘पायोनियर’ त्या वेलावरही वाढते. सह्याद्रीच्या बाजूला त्याच वर्गातल्या झाडांवर ‘ग्रेट ऑरेंज टिप’ या मोठ्या फुलपाखराची अळी असते; तिला डिवचले की ती पुढचा भाग फुगवून हरणटोळ सापाच्या पिल्लासारखी दिसते. माझ्या आजीने पंढरपूरकडे द्वादशीला शिजविलेली वाघाटी आणि पानिपतच्या बणीतला कैर हे एकाच घराण्याचे. एका सामान्य पांढऱ्या फुलपाखराच्या लेखी या दोन मुलखांतले अंतर शून्य आहे. महाराष्ट्र आणि पानिपत यांना जोडणारे युद्धाखेरीज दुसरे काही असू शकते, हे मला त्या दुपारी प्रथम जाणवले.

पीलूच्या झाडावर दुसऱ्याच अळ्या पोसतात. आफ्रिका, अरबस्तान आणि आपला कोरडा पश्चिमोत्तर प्रदेश असा ज्यांचा विस्तार आहे, त्या फिकट गुलाबी वा पांढऱ्या लहान फुलपाखरांना इंग्रजांनी ‘अरब’ हे नाव दिले. त्यांतील काहींच्या अळ्यांचे अन्न पीलूची पाने. बोरीवर आणखी निराळ्या. त्यांना मुंग्यांचा पहारा असतो, कारण त्या अळ्यांच्या अंगातून पाझरणारा गोड रस मुंग्यांना हवा असतो. ज्याचे त्याचे पान ठरलेले. पतंगांचेही तसेच. आपल्या विदर्भात, भंडारा-गडचिरोलीच्या रानांत, ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर टसरच्या अळ्या वाढतात. ढीवर समाजातील माणसे त्या अळ्या राखतात, पाखरांपासून त्यांना जपतात, आणि त्या कोशांचा कोसा होतो. ज्या पतंगासाठी हा सारा खटाटोप, त्याला खाण्यासाठी उपयोगी असे तोंडच नसते. तो जे काही अंतर उडतो, ते अळीने खाल्लेल्या पानांच्या पुंजीवर. ही पुंजी पहिल्यांदा नीट पाहिली ती एका चित्रकर्तीने. मारिया सिबिला मेरियन हिने १६७९ साली जर्मनीत अळ्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकात अळ्यांच्या रूपांतराइतकाच त्यांच्या अन्नाचाही उल्लेख होता, आणि तिच्या चित्रांत अळी, कोश व पाखरू ही ज्या वनस्पतीवर अळी पोसते तिच्यासहित एकाच पृष्ठावर येतात. समीक्षेच्या भाषेत सांगायचे तर तिने संहिता आणि संदर्भ वेगळे केले नाहीत.

आता पुन्हा पानिपताच्या इतिहासाकडे वळते, कारण रान आणि पान यांचा प्रश्न तेथे जीवनमरणाचा झाला होता. १५२६ साली बाबराने येथे मोर्चा बांधला तेव्हा एका बाजूला गाव, समोर गाड्या आणि दुसऱ्या बाजूला खंदक व तोडलेल्या झाडांच्या फांद्या अशी रचना त्याने केली, हे त्याच्याच आत्मचरित्रात आहे. फांद्या मिळाल्या त्याअर्थी झाडे जवळ होती. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊसाहेबांच्या सैन्याने कुंजपुरा घेतला. त्या वर्षीचा दसराही त्याच मुलखात आला, जेथे शमीची झाडे शोधावी लागत नाहीत. नंतर अब्दाली यमुना उतरून आला आणि दोन्ही सैन्ये पानिपतजवळ समोरासमोर ठाकली. ऑक्टोबरअखेरीपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत मराठ्यांच्या छावणीची रसद हळूहळू तुटत गेली. या कोंडीची हकीकत आपल्याला बखरींतून ठाऊक आहे. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी १९६१ साली ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथात तिची चिकित्सा केली आणि विश्वास पाटील यांच्या १९८८ च्या कादंबरीने ती घरोघरी पोहोचविली.

शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराजाने त्या प्रसंगाचा फार्सी वृत्तान्त सुमारे १७८० च्या सुमारास लिहिला. त्यातील एक हकीकत माझ्या मनातून जात नाही. छावणीतले सुमारे वीस हजार लोक भुकेने कासावीस होऊन एका रात्री बाहेरच्या रानाकडे लाकूडफाट्यासाठी गेले. शाहपसंदखानाच्या पाच हजार स्वारांनी त्यांना गाठले आणि सर्वांची कत्तल केली. आकड्यात अतिशयोक्ती असू शकेल. पण माणसे त्या रानाकडे निघाली होती आणि परत आली नाहीत, हे खरे. ही माणसे कोण होती? मराठीत त्यांच्यासाठी एकच शब्द आहे : बुणगे. सैनिक नसलेले सारे त्यात आले. मोतद्दार, आचारी, वाणी, भिस्ती, भोई, यात्रेकरू, बायका, मुले. ‘बाजारबुणगे’ हा शब्द आपण आजही तुच्छतेनेच उच्चारतो. पानिपतच्या पराभवाची कारणे सांगताना या खाणाऱ्या तोंडांचे ओझे हे एक कारण म्हणून हटकून येते आणि लष्करी दृष्टीने त्यात तथ्यही आहे. परंतु एवढे सांगून आपण पुढे जातो. सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी यांची नावे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. लाकडाच्या मोळीसाठी रानात गेलेल्या एकाही बाईचे नाव आपल्यापाशी नाही.

अळीविषयीची आपली वृत्ती आणि बुणग्यांविषयीची आपली वृत्ती यांत मला एक साम्य दिसते, ते हे. जे खाते ते हीन आणि जे उडते ते उदात्त, अशी आपल्या कल्पनाशक्तीची जुनी वर्णव्यवस्था आहे. पराक्रमाला पंख असतात. पंखांना पान लागते. आणि पानाची सोय करणारे कोणी तरी असते, ही साखळी आपल्या वीरकाव्यात मधूनच तुटते. ज्या सैन्याला बुणग्यांचे ओझे झाले, त्याच सैन्याचे घोडे याच लोकांनी आणलेल्या वैरणीवर उभे होते आणि त्याच्या चुली याच लोकांनी आणलेल्या फाट्यावर पेटत होत्या. रान हे त्या छावणीचे शेवटचे कोठार होते, आणि त्याकडे जाण्याची जोखीम जिरेटोपवाल्यांच्या आधी मोळी बांधणाऱ्यांनी पत्करली.

रानाने सगळ्यांनाच मारले असे मात्र नाही. हरियाणातील रोड समाज आज स्वतःला रोड मराठा म्हणवितो. पानिपत, करनाल, कुरुक्षेत्र या जिल्ह्यांत त्यांची वस्ती आहे. युद्धानंतर वाचलेले मराठे या भागातील जंगलात लपून राहिले, आपली ओळख त्यांनी दडविली आणि पुढे येथल्याच मातीत मिसळून गेले, अशी एक परंपरा त्यांच्यात सांगितली जाते. इतिहासकारांत याविषयी एकमत नाही आणि त्या वादात निवाडा देण्याचे माझे सामर्थ्यही नाही. परंतु साहित्याची अभ्यासक म्हणून मला या कथेतले एक तपशीलवार सत्य महत्त्वाचे वाटते : तिच्यात आसरा देणारे पात्र राजा नाही, किल्ला नाही, तर रान आहे. शत्रूच्या घोडेस्वारांना अडचणीची होणारी ती काटेरी जाळी कोणाला तरी आत घेते. करीराने आपल्या तिखट रसाने सर्वांना हाकलावे आणि एका पांढऱ्या पाखराला तेवढे घरी घ्यावे, तसे.

हे रान आज फारसे उरलेले नाही. डेन्झिल इबेट्सन याने १८७२ ते १८८० या काळात पानिपत तहसिलीची जमाबंदी केली. त्याचा अहवाल १८८३ साली छापला गेला. त्या काळी करनाल-कैथलकडच्या नरदक भागात ढाकाची विस्तीर्ण राने होती आणि गावे नांगरापेक्षा गुरांवर अधिक जगत. कालव्यांचे पाणी वाढले, पुढे १९६० नंतरच्या दशकात हरितक्रांती आली, कूपनलिका आल्या, आणि गहू व भात यांनी बांधापर्यंतची जमीन व्यापली. देशाला त्या गव्हाने जेवू घातले, हे विसरून बोलणे कृतघ्नपणाचे होईल. पण आज हरियाणाचे वनाच्छादन राज्याच्या क्षेत्रफळाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे, आणि देशातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी ते एक आहे. पानिपत आता हातमागाचे, घोंगड्यांचे, चिंध्यांपासून पुन्हा सूत काढणाऱ्या गिरण्यांचे आणि तेलशुद्धीकरणाचे शहर आहे. राष्ट्रीय राजधानी प्रदेशाचा तो भाग आहे. उरलेल्या पडीक जागांवर विलायती कीकर पसरला आहे. दुरून तो हिरवाच दिसतो. मात्र कैर आणि पीलू यांवर पोसणाऱ्या अळ्यांना तो अन्न म्हणून उपयोगी नाही.

अळी तडजोड करू शकत नाही, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. भुकेल्या अळीला परक्या झाडाच्या पानावर ठेवले तर बहुधा ती त्याला तोंड लावीत नाही. हिरव्या पानांच्या ढिगात ती उपाशी मरते. बणी नांगरली गेली की तेथील फुलपाखरे दुसरीकडे स्थलांतर करतील, ही आपली भाबडी समजूत आहे. ‘दुसरीकडे’ तेच पान असले तरच त्याला स्थलांतर म्हणता येते. प्राध्यापकमहाशय मला सांगत होते की या बणीवर तीन-चार योजनांचा डोळा आहे आणि गावातही दोन तट आहेत. एकाला तेथे बाग हवी आहे, दुसऱ्याला गुदाम. “बाग में भी पेड़ होंगे,” असे बागवाले म्हणतात. होतील; पण ते कोणाचे पत्ते असतील, हा प्रश्न बागवाल्यांच्या ठरावात नाही.

वर्गात मी विद्यार्थ्यांना एक सवय लावण्याचा प्रयत्न करीत आले आहे. कवितेत झाड आले की ते कोणते झाड, हे विचारावे. प्रतिमा सुंदर आहे किंवा नाही याचा निर्णय त्यानंतर. पुष्कळदा उत्तर मिळत नाही, कारण कवीलाच ते ठाऊक नसते. कधी मिळते, आणि मग कविता एका विशिष्ट जमिनीत रुजते. पानिपत या शब्दाच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याचे धैर्य आपल्या साहित्याला अजून व्हायचे आहे. आपण त्या शब्दाचा शोक केला, अभिमान धरला, त्यावर कादंबऱ्या आणि नाटके लिहिली. ते सर्व आवश्यकच होते. परंतु अडीचशेहून अधिक वर्षांत त्या गावच्या झाडाचे म्हणून एकच नाव आपल्या तोंडी राहिले, आणि तेही मेलेल्या आंब्याचे. ज्या रानाकडे वीस हजार माणसे निघाली होती, त्यातील जिवंत झाडांची नावे मराठी वाचकाला सांगितलीच गेली नाहीत. ती मी वर सांगितली आहेत. जमल्यास लक्षात ठेवावीत.

काला आंबच्या स्मारकाचा विस्तार व्हावा, असे अधूनमधून घोषित होत असते. तो होईल तेव्हा होवो. त्या आवारातील हिरवळीचा एक कोपरा कैर, कांथार, पीलू आणि बोर यांना द्यावा, एवढीच सूचना मला करावीशी वाटते. खर्च नगण्य आहे आणि या झाडांना माळ्याची फारशी गरज नसते. पुतळा उभारता येईल असा चेहरा बुणग्यांपैकी कोणाचाही आपल्याला ठाऊक नाही. त्यांच्या नावाने लाकूडफाट्याचे रान राखणे हे अधिक यथार्थ होईल. शौर्यदिन जानेवारीत असतो, तेव्हा ती झुडपे उघडीबोडकी दिसतील आणि महाराष्ट्रातून आलेली मंडळी कदाचित विचारतील की येथे काहीच कसे लावले नाही. मार्चमध्ये कैराला नवी फूट येते. त्या फुटीवर अंडी घालायला ‘पायोनियर’ला निमंत्रणाची गरज लागत नाही.